दुनळीचं पुढचं लाकूड

आमच्या हवालदाराला ‘काय हवालदार, बरं हाय का?’ असं विचारायची सोय नव्हती. माणूस माणसाला हे विचारतो ते उत्तर ऐकायला नाही, पुढं सटकायला. हा गडी थांबवून उत्तर द्यायचा. “आज न्हाई बरं. रात्री डोळा लागला न्हाई. सकाळी दाढी करताना रडू आलं. आता जरा उतार हाय. तुमचं कसं हाय?” आणि तुमचं ऐकल्याशिवाय दार सोडायचा नाही. दार म्हणजे आमच्या पतसंस्थेचं. तो दारात, खांद्याला दुनळी बंदूक. मी आत शिपाई. पैसे ठेवायला आलेली माणसं बिचकायची. बंदूकवाला माणूस सकाळी रडलो म्हणतो, त्याला काय म्हणावं?

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायचा सराव नाही. पण बायको गेल्यापासून घरात बोलायला कोण नाही, आणि आष्ट्यात हवालदाराबद्दल जे बोलतात त्यातलं निम्मं खोटं आहे. म्हणून लिहितो. ज्याला पटेल त्यानं वाचावं.

तो मूळचा कराडकडचा. त्याच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. पेन्शनीत निघाल्यावर स्वतःची बाराबोर दुनळी घेतली, परवाना काढला आणि आमच्याकडं राखणीला लागला. पतसंस्थांना असाच माणूस लागतो. गणवेश त्यांचा, बंदूक त्याची. राहायला आमच्या घरामागची खोली बघायला आला तेव्हा उंबऱ्याबाहेर उभा राहूनच म्हणाला, “मालक, आधीच सांगतो. मी मिरजेच्या डॉक्टरकडं जातो. डोक्याच्या. गोळ्या चालू हायत. आन माझ्यापाशी बंदूक हाय, परवान्याची. दोन्ही ऐकून खोली द्यायची तर द्या.”

मी नाहीच म्हणणार होतो. खोटं कशाला बोलू? पण आमची ही पदराला हात पुसत पुढं आली आणि म्हणाली, “जेवायचं काय करता?”

“हातानं करतो, वैनी.”

“मग आमटी आमची घ्या. भाकरी तुमची तुमी करा.”

झाला विषय. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला विचारून काही केलं नाही आणि तिचं काही चुकलं नाही.

त्याच्या तऱ्हा लय. कुणाच्याही दारात गेला की बाहेर पडलेल्या चपला आधी जोडीनं लावणार, मग आत. दिवाळीला फटाके सुरू झाले की फटफटी काढून कुणाच्यातरी रानातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोपीत जाऊन बसणार. म्हणायचा, “फटाके वाईट न्हाईत, माझं कान जुनं झाल्यात.” सरहद्दीवर काय झालं म्हणून विचारलं तर “बर्फ हुतं,” एवढंच. बायकापोरं गावाकडं ठीक होती, ऊस होता. मग तू इथं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, “ती बरी हायत. मी बरा नसतो तवा त्यास्नी तरास नको.”

गोळी घ्यायची वेळ चहाची. सगळ्यांदेखत पाकीट काढायचा, टक्‌ करून गोळी फोडायचा आणि चहाबरोबर घ्यायचा. मॅनेजरला लाज वाटायची.

“हवालदार, आत जाऊन घ्या की जरा. गिऱ्हाईक बघतंय.”

“सायेब, तुमी साखरेची गोळी कुठं घेता?”

“इथंच.”

“मग?”

समोरचा चहावाला टवाळ. एक दिवस ओरडला, “हवालदार, गोळी तोंडात घालायची का नळीत, इसरायचा हां एखांद्या दिशी!” सगळी हसली. हवालदार पण हसला. ग्लास परत देताना म्हणाला, “तुझी बहीण बाळंतपणानंतर बोलंना झालीया म्हणं. मिरजेला घिऊन चल. मी संगं येतो.” चहावाल्याचं तोंड उतरलं. पण पुढच्या आठवड्यात बहिणीला घेऊन गेला. हवालदार सोबत गेला. तिथं आपल्याकडची कोण कोण भेटतात, असं मी खोदून विचारायचो. गावचा माणूस मी, मला उत्सुकता. तो एकच सांगायचा, “माणसं भेटत्यात.” स्वतःचं सगळं चव्हाट्यावर, दुसऱ्याचं एक अक्षर नाही.

आता लाकडाचं सांगतो.

दुनळी बंदूक सुटी होते. मागं दस्ता, पुढं नळ्या, आणि नळ्यांच्या खाली हाताला धरायचं एक वीतभर लाकूड. ते काढलं की नळ्या जाग्यावर राहत नाहीत, बंदूक नुसती काठी. एका सकाळी हवालदार ते लाकूड फडक्यात गुंडाळून आमच्या हिच्यापुढं घेऊन आला.

“वैनी, हे तुमच्यापाशी ठिवा. काय दिस असं येत्यात की मला माझा भरवसा वाटत न्हाई. मागितलं तरी दिऊ नका.”

ही घाबरली नाही. म्हणाली, “मग कवा द्यायचं?”

“मी बरा झालो की.”

“ते मी कसं वळखू?”

“तेवढं तुमी बघा.”

तिनं ते ज्वारीच्या डब्यात खुपसून ठेवलं. त्या दिवसांत बंदूक त्याच्या खोलीत आणि तो संस्थेच्या दारात नुसती काठी घेऊन उभा राहायचा. मॅनेजर विचारायचा, बंदूक कुठाय? तर म्हणायचा, “ती आज रजेवर हाय, मी कामावर हाय.”

चार-पाच दिवस गेले. हवालदार येऊन म्हणाला, “वैनी, बरा हाय मी आता. द्या.” ही म्हणाली, जेवा आधी. ताट वाढलं. तो खाली मान घालून सगळी आमटी प्यायला, भाकरी खाल्ली, ताट धुऊन ठेवलं. ही म्हणाली, “अजून न्हाई देत.” तो आपल्या खोलीकडं गेला. मला काय कळेना. मी म्हटलं, अगं, बरा दिसतोय की. तर म्हणाली, “आमटीत मिठाचा खडा न्हवता. बरा माणूस गप खाईल व्हय?”

पुढं दोन दिवसांनी पुन्हा ताट वाढलं. पहिलाच भुरका मारला आणि वाटी खाली ठेवून म्हणाला, “वैनी, मीठ का सोनं झालंय?” ही उठली, डब्यात हात घातला आणि लाकूड त्याच्या हातात दिलं. बाहेर जाऊन डोळे पुसले तिनं. मला वाटतं तिचा सगळा दवाखाना एवढाच होता. पुढं कितीतरी वेळा असं झालं. त्याला ती मिठाची युगत कधी कळली का नाही, देव जाणे. कळली असती तरी अळणी आमटीला ‘छान’ म्हणणारा तो गडी नव्हता, आणि मनाचा अंधार आला की मिठाचा पत्ता त्याला लागत नव्हता.

मग ती खंडेनवमी आली.

त्या दिवशी हत्यारं पुजायची. ज्याचं जे हत्यार ते. पतसंस्थेत काउंटरवर कापड घालून किल्ल्यांचा जुडगा, नोटा मोजायचं मशीन, चेअरमनचं रिव्हॉल्व्हर, हवालदाराची दुनळी, वर झेंडूची फुलं. गुरव पूजा करत होता. हवालदारानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, बंदुकीशेजारी ठेवलं आणि त्याला हळदीकुंकू लावलं.

चेअरमन म्हणाला, “हे काय?”

“माझं हत्यार, सायेब. बंदूक संस्थेला राखती. हे मला राखतंय.”

कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. त्याच दिवसांत लांब कुठल्या शहरात एका पहारेकऱ्यानं आपल्याच साहेबावर बंदूक झाडल्याची बातमी फोनवर फिरत होती. कुणा दीडशहाण्यानं दोन्ही एकाला एक जोडलं. खाली लिहिलं, आपल्या पैशाच्या दारात येडा बंदूक घेऊन उभा. झालं. दसऱ्याचं सोनं वाटायच्या आधी हे घराघरात पोचलं.

चहाच्या टपरीवर सभाच भरली. येड्यांच्या बंदुका काढून घ्या, म्हणून जो तो सांगत होता. हवालदार तिथंच उभा होता.

“घ्या की काढून,” तो म्हणाला. “मी कुठं नगं म्हणतोय? वरातीत पिऊन बार काढतोय त्याची काढा. बांधावरनं भावाला दावतोय त्याची काढा. माझी बी काढा, माझ्या वाईट दिसांत. मी सोताच काढून ठिवतो. पर गोळ्या खातो म्हणून काढली, तर काय हुईल? बंदुका ऱ्हातील आन डॉक्टर सुटतील. ज्याला दुखतंय त्यो सांगायचाच न्हाई.”

चेअरमनचा बैल शर्यतीत पहिला आला की तो दोन बार हवेत काढायचा. त्याला कुणी येडा म्हटलेलं मी ऐकलं नाही. तसा माणूस वाईट नव्हता. त्यानंच हवालदाराला आत बोलवून सांगितलं, “ठाण्यातनं बोलावणं आलंय. त्या गोळ्या रक्तदाबाच्या म्हण. मी वर शब्द टाकतो. परवाना ऱ्हाईल, नोकरी ऱ्हाईल.”

मी पण तेच म्हणालो. “आरं, एक खोटं बोल आन मोकळा हो.”

तो म्हणाला, “गड्या, ते बोललो तर मी आजवर दारात उभा राहून जे सांगितलं ते समदं खोटं. चहावाल्याच्या बहिणीला मी काय तोंड दावू?”

आम्ही तिघं ठाण्यात गेलो. ही का आली, तर म्हणाली तुमाला बोलता येत न्हाई. बाहेर लिंबाखाली पाच-सहा गडी उभे दिसले. सगळे फौजेतनं आलेले, कोण बँकेच्या दारात, कोण कुपवाडच्या कारखान्यावर बंदूक घेऊन उभं राहणारे. नुसते उभे होते. मला वाटलं तमाशा बघायला आले.

फौजदार बाई तरुण होत्या. बोलणं मऊ, नजर धारदार.

“औषध कशाचं आहे?”

“मनाचं, बाईसाहेब.”

“डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणलंत?”

त्यानं दिलं. बाईंनी वाचलं.

“वाईट दिवस येतात म्हणता. त्या दिवसांत बंदूक कुठं असते?”

आणि आयुष्यात पहिल्यांदा हवालदार गप्प बसला. मला उमजलं. बंदुकीचा तुकडा परवाना नसलेल्याच्या घरात ठेवणं गुन्हा. खरं बोलला तर वैनीचं नाव येतं. खोटं तर त्याला बोलताच येत नव्हतं. बाईंनी पुन्हा विचारलं. तो भिंतीकडं बघत उभा, सावधानमध्ये.

“माझ्या ज्वारीच्या डब्यात असती,” आमची ही म्हणाली.

बाईंनी मान वर केली. “काय?”

“आख्खी न्हाई. पुढचं लाकूड. त्येच आणून देत्यात. मी बरं वाटल्याबिगर परत देत न्हाई.”

“आजी, हा गुन्हा आहे. माहीत आहे?”

“असंल. मग वाईट दिसांत त्यांनी ते त्यांच्यापाशीच ठिवायचं व्हय? तुमी सांगा, तसं करू.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. हवालदार म्हणाला, “बाईसाहेब, चूक माझी. वैनीला यात घिऊ नका. बंदूक घ्या, परवाना घ्या, पर—”

“थांबा,” बाई म्हणाल्या. खिडकीतून बाहेर लिंबाखालच्या गड्यांकडं त्यांनी बघितलं. मग म्हणाल्या, “यापुढं लाकूड कुणाच्या डब्यात नको. असे दिवस आले की अख्खी बंदूक इथं आणून द्यायची, पोच घ्यायची. डॉक्टर बरं म्हणाले की न्यायची. मी वर तसं कळवते. खरं तेच कळवते. निर्णय माझ्या हातात नाही.” आणि हिच्याकडं बघून, “आजी, तुम्ही कसं ओळखता ते बरे झाले म्हणून?”

हिनं मिठाचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ते चालू ठेवा. तो गुन्हा नाही.”

बाहेर आलो तर लिंबाखालचा एक धिप्पाड गडी पुढं आला. “काय म्हणाल्या?” हवालदारानं सांगितलं. त्या गड्यानं इकडंतिकडं बघितलं, शर्टाच्या आतल्या खिशातनं गोळ्यांचं पाकीट अर्धवट वर काढून दाखवलं आणि परत आत सरकवलं. “मी बी दोन वर्सं खातोय. बायकोला बी म्हाईत न्हाई.” एवढं बोलून तो गेला.

वरनं त्याच अटीवर परवाना राहिला. नोकरी राहिली. लोकांनी दुसरा विषय धरला.

मग आमची ही आजारी पडली. पोटाचं दुखणं निघालं ते उशिरा. हवालदार दवाखान्याच्या फेऱ्या मारायचा. मला रडता यायचं नाही तर हाच तिच्या उशाशी बसून रडायचा, आणि ती म्हणायची, “भावजी, मी हाय अजून, तवर दमानं घ्या.” मी बाहेर व्हरांड्यात. असली माणसं घरात असावीत. माझ्यासारख्या दगडाला ती पुरत नाहीत, पण असावीत.

ती गेली. दिवस झाले, पाहुणे गेले. लेक आली होती, ती परत सासरी गेली. माझं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. म्हशीचं दूध काढायचं राहून जायचं. कासेला हात लावून तसाच बसून राहायचो. भेटायला येणारे म्हणायचे, देवाची मर्जी. मी म्हणायचो, मग देवाला सांगा माझी भाकरी थापायला. ते उठून जायचे. बरं वाटायचं. मग ते पण वाटायचं बंद झालं.

एक दिवस दुपारचं हवालदार बंदूक गुंडाळून बाहेर आला. म्हणाला, “चल, ठाण्यात जाऊन येऊ.” मला वाटलं, त्याचे वाईट दिवस आले. फटफटीवर मागं बसलो. ठाण्यात त्यानं बंदूक दिली, काडतुसं दिली. शिपायानं विचारलं, परत कवा नेणार? तो म्हणाला, “न्हाई नेणार. परवाना बी घ्या.”

बाहेर येऊन मी त्याच्यावर भडकलो. “आरं, एवढं भांडलास. माझी बायको फौजदारापुढं उभी राह्यली त्यापायी. आता गाव काय म्हणंल? येड्याची बंदूक शेवटी निघाली म्हणंल!”

“म्हणू दे.”

“आन नोकरी?”

“कुपवाडला एका कारखान्याच्या फाटकावर माणूस पायजे. बिनबंदुकीचा. शिट्टी देत्यात.”

“हवालदार म्हणून आलास आन शिट्टी फुकणार? का पर? तुझं बरं चाललंय की! कालच तू—”

“माझं बरं हाय,” तो म्हणाला. “माझ्यासाठी न्हाई दिली.”

“मग कुणासाठी?”

त्यानं फटफटीला किल्ली लावली, पण चालू केली नाही. माझ्याकडं न बघता म्हणाला, “रोज दुपारचा माझ्या खोलीपुढं येऊन उभा ऱ्हातोस. बंदूक असती त्या दाराकडं बघत. मी आत असतो कवा कवा. खिडकीतनं दिसतोस.”

लिंबाची पानं पायाखाली होती, ती बघत राहिलो. मी तिथं उभा राहतो हे मला माहीत होतं. का उभा राहतो ते मी मला पण विचारलं नव्हतं.

“बस मागं,” तो म्हणाला. “मिरजेला जाऊन येऊ.”

“मी काय येडा हाय व्हय?”

तोंडातनं निघून गेलं. जो माणूस माझ्यापायी पोटाची भाकरी ठाण्यात देऊन आला, त्याला मी हे म्हणालो. तो रागावला नाही. समजूत घातली नाही. किक मारली, गाडी चालू करून रस्त्याकडं बघत बसला. येणारीजाणारी माणसं आमच्याकडं बघत होती. इंजिन थरथरत होतं. बऱ्याच वेळानं मी पाय टाकून मागं बसलो.

मिरजेत दवाखान्याच्या बाकावर आमच्यासारखीच माणसं. शेतकरी, कॉलेजची मुलगी, कडेवर पोर घेतलेली बाई. कोण केस पिंजारून नाचत नव्हतं. टेबलामागच्या बाईनं आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडं बघून विचारलं, “पेशंट कोण?”

हवालदाराला ती ओळखत होती. तो बोलला असता तर चाललं असतं. पण तो भिंतीवरच्या पंख्याकडं बघत उभा राहिला.

“मी,” मी म्हणालो.

तिनं नाव विचारलं, वय विचारलं, गाव विचारलं. घरी कोण कोण असतं, विचारलं. मी सांगितलं. तिनं लिहून घेतलं आणि म्हणाली, “बसा, बोलावतील.” पुढच्या माणसाला हाक मारली. एवढंच होतं ते.